साडेनऊ तास की साडेदहा? व्हर्च्युअल असिस्टंटच्या कामातले बारकावे

व्हर्च्युअल असिस्टंट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डेटा एंट्री येते. पण महिनोन्‌महिने टिकणारं आणि बरे पैसे देणारं काम वेगळं असतं. परदेशातला एखादा सल्लागार, वकील किंवा छोट्या कंपनीचा मालक असतो. त्याची मेल आणि कॅलेंडर सांभाळायचं, मीटिंगा लावायच्या, तिकिटं काढायची, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करायचा. ही पोस्ट त्याच कामाबद्दल आहे: नाशिकला, सांगलीला किंवा मडगावला घरी बसून अमेरिकेतल्या नाहीतर इंग्लंडमधल्या क्लायंटसाठी करण्याच्या. या कामात इंग्रजीमुळे जितकं अडतं त्याहून जास्त अडतं घड्याळ, तारखा आणि पासवर्ड यांच्यापाशी. म्हणून आधी तेच घेऊ.

घड्याळ

आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं. अमेरिकेचं नसतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतं. त्यामुळे न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथल्या सकाळी ९ वाजता आपल्याकडे जुलैत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, डिसेंबरात साडेसात. कॅलिफोर्नियाचा क्लायंट असेल तर हेच आकडे रात्री साडेनऊ आणि साडेदहा होतात. म्हणजे कॅलिफोर्नियाचं काम घेताना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणं आपल्या तब्येतीला आणि घराला झेपेल का, हे आधीच ठरवायला हवं. ज्यांना रात्र नको त्यांच्यासाठी इंग्लंड सोयीचं. लंडनचे सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच. पहाटे उठणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाचा विचार करावा, सिडनी आपल्या साडेचार ते साडेपाच तास पुढे असतं.

इंग्लंडचं घड्याळ अमेरिकेसोबत बदलत नाही. ते मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा न्यूयॉर्क-लंडन अंतर नेहमीच्या पाच तासांऐवजी चार तासांचं होतं. न्यूयॉर्कचा क्लायंट आणि लंडनचा त्याचा ग्राहक अशी मीटिंग असेल तर वर्षातले हे तीन-चार आठवडे सगळ्यात घातक. अ‍ॅरिझोनातलं फिनिक्स तर घड्याळ बदलतच नाही.

आता खरी मेख. गूगल कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची मीटिंग आपण तयार केली की ती आपोआप आपल्या टाइम झोनला बांधली जाते. 'दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहा, भारतीय वेळ' असं ती लक्षात ठेवते. नोव्हेंबर उजाडला की क्लायंटच्या कॅलेंडरवर तीच मीटिंग सकाळी ९ वरून ८ वर सरकते. तो ९ वाजता येतो, तोवर समोरचा माणूस तासभर वाट पाहून निघून गेलेला असतो. उपाय साधा आहे. मीटिंग तयार करताना वेळेच्या शेजारी 'टाइम झोन' असा पर्याय दिसतो, तिथे क्लायंटचं शहर निवडायचं. मग बदल होईल तो आपल्या बाजूला, त्याच्या बाजूला नाही. शिवाय कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये दुसरा टाइम झोन सुरू करून ठेवावा, म्हणजे डाव्या कडेला दोन्ही वेळा शेजारी-शेजारी दिसतात. तोंडी बेरीज-वजाबाकीवर विसंबू नये, रात्री अकरा वाजता डोकं हमखास चुकतं.

मेलमध्ये वेळ लिहिताना जुलैत 'ईएसटी' (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम) लिहू नये. त्या अक्षरांचा शब्दशः अर्थ हिवाळ्याची वेळ असा होतो आणि काटेकोर माणूस एक तास उशिरा येतो. नुसतं 'ईटी' (ईस्टर्न टाइम) किंवा 'न्यूयॉर्क टाइम' लिहिलं की वर्षभर चालतं. वार आणि तारीख दोन्ही लिहावी. 'उद्या' हा शब्द तर वापरूच नये, आपला उद्या सुरू होतो तेव्हा त्यांचा आज अजून अर्धा शिल्लक असतो.

तारखा, आकडे आणि आपलं इंग्रजी

०५/०६ म्हणजे आपल्याला ५ जून, अमेरिकनाला ६ मे. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी शीटमध्ये फसगत होतेच. गूगल शीटची भाषा-प्रदेश सेटिंग अमेरिकेची असेल आणि तुम्ही १३/०६ अशी तारीख टाकली, तर तेरावा महिना नसल्यामुळे शीट तिला तारीख मानतच नाही, नुसता मजकूर समजते. १२/०६ मात्र निमूटपणे ६ डिसेंबर होतं. ओळखायची खूण अशी: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर डावीकडच्या मजकूर झाल्यात आणि उजवीकडच्यांपैकी काही उलट्या वाचल्या गेल्यात. असा रकाना चाळणी (फिल्टर) लावून दुरुस्त होत नाही, मूळ यादीवरून परत भरावा लागतो. म्हणून फाइल मेनूतल्या सेटिंगमध्ये प्रदेश कोणता आहे ते काम सुरू करण्याआधी पाहावं, आणि मेलमध्ये महिना नेहमी अक्षरांत लिहावा. आकड्यांतला स्वल्पविरामही तसाच. अडीच लाख आपण २,५०,००० लिहितो, त्यांना ते टायपिंगची चूक वाटते. २५०,००० लिहावं.

शाळा-ऑफिसात अंगवळणी पडलेले काही इंग्रजी शब्द तिकडे चालत नाहीत. 'प्रीपोन' अमेरिकनाला बहुधा कळत नाही. 'रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे उत्तर देणे, त्याच्याकडे पूर्वस्थितीला नेणे. वेबसाइटवर काम करणाऱ्या माणसाला 'रिव्हर्ट करा' असं लिहिलं, तर तो कालचा बदल खरंच पुसून टाकेल. 'डू द नीडफुल' ऐवजी नेमकं काय करायचं ते सांगावं: हे पान वाचून शुक्रवारपर्यंत सही करा. 'पास आउट' म्हणजे तिकडे भोवळ येऊन पडणे. हे बारीक वाटेल, पण तुम्ही क्लायंटच्या नावानं लिहीत असता. वाचणाऱ्याला ती त्याची भाषा वाटली पाहिजे. त्याची पाठवलेली ३०-४० पत्रं आधी वाचून काढा. तो सुरुवात कशी करतो, नाव घेतो की आडनाव, शेवटी काय लिहितो, ते टिपून ठेवा.

मेलबॉक्स ताब्यात घेताना

क्लायंट पहिल्याच दिवशी जीमेलचा पासवर्ड पाठवून मोकळा होतो. घेऊ नये. त्याला नम्रपणे सांगा की जीमेलच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' या भागात दुसऱ्याला प्रवेश देण्याची सोय आहे. ती कॉम्प्युटरवरूनच सुरू होते, मोबाइलवरून नाही. तो तुमचा पत्ता घालतो, तुम्हाला मेल येते, ती तुम्ही स्वीकारता. आठवड्याभरात स्वीकारली नाही तर ती बाद होते, आणि स्वीकारल्यावरही प्रवेश सुरू व्हायला कधी कधी २४ तास लागतात. तेव्हा सोमवारी काम सुरू करायचं असेल तर हे शुक्रवारी उरकावं. या पद्धतीत तुम्ही मेल वाचू, पाठवू, पुसू शकता, पण पासवर्ड बदलू शकत नाही. पासवर्डनं आत गेलात तर भारतातून लॉगिन झाल्याचं पाहून गूगल खातं अडवू शकतं. उद्या काही गडबड झाली तर दोघांपैकी नेमकं कोणी केलं हेही सांगता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या मेलवर तुमचं नाव दिसावं की नाही, हे तोच त्याच सेटिंगमध्ये ठरवतो. ते बोलून घ्यावं.

पहिला आठवडा उत्तरं देऊ नका, फक्त वर्गवारी करा. तीन लेबलं पुरतात: 'तुम्हीच उत्तर द्या', 'मी उत्तर देते, पण आधी बघा' आणि 'झालं'. वीस-पंचवीस लेबलांचं झाड उभारण्याचा मोह होतो, दोन आठवड्यांनी ते कोणीच पाळत नाही. मधल्या लेबलाखाली उत्तराचा मसुदा तयार करून ठेवायचा. क्लायंट त्यात जे बदल करतो तेच तुमचं शिक्षण. लागोपाठ दहा मसुदे एकही बदल न होता गेले, तर त्या प्रकारच्या मेलची उत्तरं आपणहून द्यायची परवानगी मागा. जीमेलमधल्या टेम्प्लेट्स, म्हणजे साठवून ठेवलेली तयार उत्तरं, सेटिंगच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागातून सुरू कराव्या लागतात. 'अनडू सेंड', म्हणजे पाठवलेली मेल मागे घेण्याची मुभा, सुरुवातीला ५ सेकंदांचं असतं, ते ३० करून घ्या. चुकीची अटॅचमेंट बहुतेक वेळा पाठवल्यावर दहाव्या सेकंदाला दिसते.

काही मेलना मात्र कधीही परस्पर उत्तर द्यायचं नाही: वकिलाची, करखात्याची, नाराज ग्राहकाची, आणि 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असं सांगणारी. शेवटचा प्रकार हा जगभर चालणारा घोटाळा आहे. पुरवठादाराच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता असतो, एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं असतं, बिल खरं असतं आणि खातं भामट्याचं. पडताळा करायचा तो जुन्या, आधीपासून नोंदलेल्या फोन नंबरवर. त्या मेलमधल्या नंबरवर नाही.

क्लायंटच्या मेल एखाद्या एआय चॅटमध्ये टाकून मसुदा करून घेणं आता सोपं झालंय. त्याची लेखी परवानगी नसेल तर करू नका. त्या पत्रात तिसऱ्याच माणसाचे आजार, पगार, भांडणं असू शकतात. मीटिंगमध्ये नोंदी घेणारा बॉट सोडण्यापूर्वीही सगळ्यांना विचारावं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करायला सर्व पक्षांची संमती लागते.

पासवर्ड आणि ओटीपी

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पासवर्ड तिथेच राहतो. बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये (सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) क्लायंटनं एक सामायिक फोल्डर करावं आणि तुम्हाला लागतील तेवढ्याच नोंदी त्यात टाकाव्यात. ओटीपीचं गणित वेगळं असतं. ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तेव्हा तिथे मध्यरात्र असते. ज्या सेवा ऑथेंटिकेटर अ‍ॅप (एसएमएसशिवाय कोड तयार करणारं अ‍ॅप) चालवू देतात तिथे एसएमएस बंद करून तो कोड पासवर्ड मॅनेजरमध्येच ठेवायला सांगा. बँकेच्या बाबतीत मात्र हा हट्ट धरू नका. बँकेचा प्रवेश तुमच्याकडे नसणंच बरं. खरेदी करायची असेल तर मर्यादा घातलेलं व्हर्च्युअल कार्ड मागून घ्यावं.

तिकिटं काढताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, मधल्या नावासकट. अमेरिकेचा एक नियम इथे उपयोगी पडतो. प्रवास किमान ७ दिवस पुढे असेल आणि तिकीट थेट विमान कंपनीकडून काढलं असेल, तर २४ तासांच्या आत ते फुकट रद्द करता येतं, नाहीतर कंपनी तेवढा वेळ तेच भाडं पैसे न घेता राखून ठेवते. स्वस्त पडतं म्हणून मधल्या वेबसाइटवरून काढलं की ही मुभा त्या वेबसाइटच्या मर्जीवर जाते. दोन-तीन डॉलर वाचवण्यासाठी ती सोडू नये.

त्याला विचारावं लागू नये

क्लायंटला सर्वांत जास्त थकवतात ते दिवसभर येणारे 'हे करू का?' असे प्रश्न. म्हणून अधिकाराच्या मर्यादा आकड्यांत लिहून घ्या. उदाहरणार्थ ५० डॉलरपर्यंतचा परतावा न विचारता, ३० मिनिटांची मीटिंग न विचारता, शुक्रवारी दुपारनंतर काहीही नाही, मुलांच्या शाळेची वेळ कुणासाठीही हलवायची नाही. दोन पानांचा दस्तऐवज पुरतो, पण प्रत्येक नवा अपवाद त्याच दिवशी त्यात चढला पाहिजे. एखादं काम तो स्क्रीन रेकॉर्ड करून दाखवतो, तेव्हा ते पाहताना पायऱ्या लिहून काढा आणि त्यालाच तपासायला द्या. व्हिडिओ परत कोणी उघडत नाही, लिहिलेल्या पायऱ्या उघडल्या जातात.

दिवस संपताना एक मेल, तीन भाग: काय झालं, तुमच्याकडून काय हवं, उद्या काय. मधला भाग असा लिहा की त्याला हो-नाही किंवा एक आकडा लिहून भागेल. 'हॉटेलचं काय करू?' असं नको. 'दोन हॉटेलं मिळाली, पहिलं १८० डॉलर, ऑफिसपासून ५ मिनिटं. दुसरं १४०, पण २५ मिनिटं. तुमच्या ६ वाजेपर्यंत उत्तर नसेल तर पहिलं बुक करते' असं लिहा. तो सकाळी चहाकॉफी घेताना फोनवर दोन अक्षरं लिहितो आणि तुमची रात्र वाया जात नाही.

सुट्ट्यांचंही तसंच. नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की गणपती, दसरा, लक्ष्मीपूजन, भाऊबीज यांच्या तारखा क्लायंटच्या कॅलेंडरवर टाकून द्या. त्याला दिवाळी कधी आहे हे माहीत नसतं, पण जानेवारीत सांगितलेली सुट्टी तो आनंदानं मान्य करतो. आदल्या दिवशी सांगितलेली त्याला खटकते. मंडळाचा स्पीकर घराजवळ असेल तर त्या दहा दिवसांतले संध्याकाळचे कॉल आधीच हलवावेत.

वीज, नेट, आवाज

संध्याकाळी वीज गेली की इन्व्हर्टर असतो, पण राउटर नेमका त्याच्या लाइनवर नसतो. तेवढं वायरमनकडून करून घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, पण घेण्यापूर्वी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, हे पाहावं आणि अँपिअरही जुळवावे. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही चालू राहायला हवेत. एकच चालू ठेवून उपयोग नाही. महावितरण आपल्या भागात दुरुस्तीसाठी वीज कोणत्या वारी बंद ठेवतं ते माहीत करून घ्या आणि नोंदणीकृत मोबाइलवर येणारे एसएमएस वाचा. जोडणी सासऱ्यांच्या नावावर असेल तर ते एसएमएस त्यांच्या फोनवर जातात.

दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं हवं. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी डेटा लागतो, त्या हिशेबानं पॅक ठेवा. हेडसेट वायरचा यूएसबी घ्या. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की बहुतेक हेडसेटचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, आणि कुकरची शिट्टी मात्र स्पष्ट ऐकू जाते.

पैसे

दर ठरवताना बहुतेक जणी मनातल्या महिन्याच्या पगाराला १७६ तासांनी भागतात, म्हणजे २२ दिवस गुणिले ८ तास. ४०,००० हवेत तर तासाला २२७ रुपये. हा हिशेब बुडवणारा आहे. बिल लावता येतील असे तास दिवसाला ५ धरा, महिन्याला २० दिवस, आणि बारापैकी अकरा महिने. सरासरी सुमारे ९२ तास पडतात. ४०,००० मध्ये नेट, दुसरं सिम, सॉफ्टवेअर, वीज आणि लॅपटॉपची झीज यांचे ५,००० मिळवा. पीएफ नाही, विमा नाही, कर आपणच भरायचा, म्हणून एकूण रकमेतले १५ टक्के बाजूला राहतील असं धरा. ते साधारण ५२,९०० होतात. भागिले ९२ म्हणजे तासाला ५७५. एखादी वेबसाइट १० टक्के कापत असेल तर ६४० च्या आसपास.

ठरावीक तासांचा मासिक करार केलात, तर पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्या, न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जातील का हे लिहून ठेवा, आणि दोन्ही बाजूंनी १५ दिवसांची सूचना ठेवा. चाचणी काम पाच तासांचं असावं, तेही पैसे घेऊन.

अपवर्क या फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर तासाचं काम करताना आठवडा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेनं रविवारी मध्यरात्री संपतो, म्हणजे आपल्या सोमवारी पहाटे साडेपाचला. रविवारी रात्रीचं काम गेल्या आठवड्याच्या मर्यादेत मोजलं जातं, हे ध्यानात ठेवा. त्यांचं अ‍ॅप दर दहा मिनिटांत एक स्क्रीनशॉट घेतं. हाती नोंदवलेल्या तासांना त्यांचं पैशाचं संरक्षण मिळत नाही. स्क्रीनवर दुसऱ्या क्लायंटची मेल उघडी असेल तर तीही त्या स्क्रीनशॉटमध्ये जाते, म्हणून प्रत्येक क्लायंटसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल ठेवावं.

थेट येणाऱ्या परदेशी पैशाला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, लागतो. क्लायंटनं नातेवाइकांना पैसे पाठवायच्या अ‍ॅपमधून रक्कम धाडली तर ती कुटुंबाच्या खर्चासाठी आली अशी नोंद होऊ शकते आणि पुढे निर्यातीचा (परदेशी क्लायंटला सेवा विकल्याचा) पुरावा म्हणून चालत नाही. पैसे आणून देणाऱ्या सेवांची तुलना करताना जाहीर फी पाहून थांबू नका. डॉलरचा त्या दिवशीचा बाजारभाव आणि तुम्हाला मिळालेला भाव यांतला फरकही फीच असतो. प्रत्येक रकमेचं बँकेकडून किंवा त्या सेवेकडून मिळणारं परकीय चलन आल्याचं पत्र महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी असेल तर सेवेच्या निर्यातीवर कर न भरता बिल करण्यासाठी एलयूटी (लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे हमीपत्र) दर आर्थिक वर्षासाठी नव्यानं भरावं लागतं. आयकरात व्यावसायिकांसाठीची पन्नास टक्क्यांची सवलतीची पद्धत (निम्मी मिळकत नफा धरून कर भरण्याची) ठरावीक व्यवसायांनाच आहे. आपलं काम त्यात बसतं असं गृहीत धरून रिटर्न भरू नका, सीएला कामाचं स्वरूप दाखवून विचारा.

फसवे क्लायंट

काम देण्यासाठी नोंदणी फी, ट्रेनिंग फी, सॉफ्टवेअरची अनामत मागितली की तिथेच थांबा. फॉर्म भरण्याचं काम देऊन 'अचूकता कमी पडली, करार मोडला' म्हणत वकिलाच्या नावाची नोटीस पाठवणारे आहेत. ती नोटीस घाबरवून पैसे काढण्यासाठी असते, भरू नका. टेलिग्रामवर लाइक किंवा रिव्ह्यू द्यायचे 'टास्क' आधी दीड-दोनशे रुपये देतात आणि मग हजारो मागतात. सर्वांत धोक्याचा प्रकार वेगळाच असतो: 'माझ्या ग्राहकाचे पैसे तुझ्या खात्यात येतील, १० टक्के ठेव, बाकीचे पुढे पाठव.' ते पैसे चोरीचे असतात, खातं गोठतं तुमचं आणि पोलिसांची चौकशीही तुमचीच होते. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडण्याची शक्यता जास्त.

काम सोडताना

करार संपला की शेवटच्या आठवड्यात एक यादी करा: मेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, झूम, पासवर्ड मॅनेजर, सोशल मीडिया, व्हर्च्युअल कार्ड. प्रत्येकासमोर प्रवेश काढल्याची तारीख क्लायंटकडून लिहून घ्या. तुमच्या नावावर असलेल्या फाइलींची मालकी ड्राइव्हमधून त्याच्याकडे सोपवा, नाहीतर तुमचं खातं बंद झालं की त्या जातील. तुम्ही लावलेल्या दर आठवड्याच्या मीटिंगाही तपासा. आयोजक तुम्ही असाल तर त्या तुमच्यासोबतच निघून जातात, म्हणून त्याच्या कॅलेंडरवरून नव्यानं तयार करून द्या, त्याच्या टाइम झोनमध्ये.